बुटक्या भिंतीमागचा बोळ

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक खोली आहे. खिडक्या लावून घेतल्या, दार ओढलं, पंखा बंद केला, तरी तिथल्या कोपऱ्यातलं कोळिष्टक हलत राहायचं. लहानपणी आम्हा भावंडांना त्याची गंमत वाटायची. मोठेपणी त्याच खोलीत टेबल टाकून काम करायची वेळ आली आणि गंमत संपली. उन्हाळ्यात संध्याकाळी बाहेरची हवा निवायला लागली की ही खोली तापायची. थंडीत पहाटे पायांना असा गार वारा लागायचा की मोजे घालूनही बोटं बधिर.

खोलीचा आकार आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. छप्पर दोन्हीकडे उतरतं. मधे ताठ उभं राहता येतं, कडेला सरकलं की डोकं वाशाला लागतं. छप्पर जिथे कंबरेच्या थोडं वर येतं, तिथे दोन्ही बाजूंना एकेक बुटकी भिंत घातली आहे. उंची १.१ मीटर, लांबी ५.२ मीटर. भिंत कसली, लाकडी खांबांवर खोलीच्या बाजूने ठोकलेल्या २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या. पाठ उघडीच. तिच्यामागे छप्पर आणि जमीन यांच्या बेचक्यात तिकोनी पोकळी उरते, तिला घरात सगळे ‘बोळ’ म्हणतात. बोळात जायला भिंतीतच एक खुजं दार आहे. त्यातून रांगत जायचं आणि रांगतच परत यायचं, वळायला जागा मिळाली तर नशीब.

या भिंतींचं काम काढण्याच्या दोन वर्षं आधी छपराला इन्शुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं अस्तर, करून घेतलं होतं. उताराला आतून आणि वरच्या सपाट तक्तपोशीलाही. त्या वेळी काम करणाऱ्याने बुटक्या भिंतींकडे बघून ‘या एवढ्याशाच तर आहेत’ म्हटलं, आणि आमचे पैसेही नेमके तेवढ्यातच संपले होते. त्यामुळे दोघांचंही पटलं. एवढ्याशा भिंती मोजल्या तर दोन्ही मिळून साडेअकरा चौरस मीटर भरतात. शिवाय त्यांच्या पलीकडे घर नाही. बोळ दिसतो घरातला, पण त्यातली हवा बाहेरची, उन्हाळ्यात तर बाहेरच्याहून तापलेली. मी किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारे दोन साधे तापमापक घेतले, एक टेबलावर ठेवला, एक बोळात टांगला. उन्हाळ्यातल्या एका दुपारी बाहेर ३९ अंश असताना बोळातला ४७ दाखवत होता. त्या ४७ अंशांच्या आणि माझ्या पाठीच्या मधे २० मिलिमीटरची एक फळी.

या वेळी हाताशी असलेले पैसे छपराच्या कामाच्या एक चतुर्थांशही नव्हते. मजूर लावणं परवडणार नव्हतं. मी, सुटीवर आलेला धाकटा भाऊ, आणि घराचं लाकूडकाम पूर्वीपासून बघत आलेले सुतारकाका, एवढीच फौज. काकांनी अट घातली होती, ‘मी सांगेन, रांगणार नाही. माझे गुडघे आता माझे राहिलेले नाहीत.’

पहिला वाद झाला तो अस्तर भिंतीला लावायचं की बोळाच्या छपराला. छपराला लावलं तर अख्खा बोळ घरात येतो, सामान ठेवायला बरा. पाण्याची टाकी किंवा नळ बोळातून जात असते तर मीही तेच केलं असतं. पण आकडे बघा. बोळ १.३ मीटर खोल, त्यामुळे उतार १.७ मीटरचा. म्हणजे एका बाजूला जवळजवळ नऊ चौरस मीटर. भिंत मात्र पावणेसहा. एक तृतीयांशाहून जास्त माल वाचतो. बोळाच्या खाली राहती खोली असती तर भिंतीबरोबर बोळाच्या जमिनीलाही अस्तर द्यावं लागलं असतं आणि हिशोब उलटला असता, पण आमच्याकडे बोळाखाली उघडा ओटा आहे. शिवाय कौल फुटलं तर पाणी बोळात पडेल आणि दिसेल. उताराच्या अस्तरात ते महिनोन्महिने मुरत बसलं असतं आणि वासा कुजल्यावर कळलं असतं. ठरलं, भिंत.

दुसरा प्रश्न जाडीचा. इथे मी वही घेऊन बसले आणि त्या एका पानाने सगळ्यात जास्त पैसे वाचवले, म्हणून ते इथे मांडते. थर उष्णतेला किती रोखतो हे काढायला त्याची जाडी मीटरमध्ये घ्यायची आणि त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागायची. लाकडाची वाहकता साधारण ०.१३, ग्लासवूलची, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांच्या लोकरीची, ०.०४ धरली. २० मिलिमीटरच्या फळीचा रोध आला ०.१५. फळीच्या दोन्ही अंगांना चिकटून असणारा हवेचा पातळ थर थोडा रोध देतो, दोन्ही मिळून ०.२६. एकूण ०.४१. आता ५० मिलिमीटर ग्लासवूल घातलं तर त्यात १.२५ मिळतात, बेरीज १.६६. म्हणजे पूर्वी शंभर भाग उष्णता येत होती तिथे आता पंचवीस येणार. आणखी ५० मिलिमीटर घातलं तर चौदा. आणखी ५० घातलं तर दहा.

म्हणजे पहिल्या थराने पंचाहत्तर अडवले, दुसऱ्याने अकरा, तिसऱ्याने चार. पैसे मात्र तिन्ही थरांना सारखेच पडणार. खिशाला मर्यादा असेल तर एक भिंत जाड करून दुसरी उघडी ठेवण्यापेक्षा दोन्हीकडे पातळ थर देणं कितीतरी शहाणपणाचं. मी दोन्ही भिंतींना ५० मिलिमीटर धरलं आणि दुपारचं ऊन झेलणाऱ्या बाजूला तेवढं दुहेरी. हे आकडे अर्थात खांबांच्या मधल्या जागेचे. खांब लाकडाचे, आणि लाकूड ग्लासवूलच्या तिप्पट उष्णता नेतं. त्यामुळे खांब जिथे उभे तिथे अस्तराला भोकंच असल्यासारखी, प्रत्यक्षात आकडे थोडे कमी भरतात. त्याला माझ्याकडे उपाय नव्हता, सोडून दिलं.

मालाच्या बाबतीत भाऊ आधी थर्माकोलवर अडून होता. हलकं, कापायला सोपं, खाज नाही. मीही हो म्हणणार होते, पण त्याआधी छपराच्या जुन्या कामातली एक फट उघडून बघितली. तिथे विजेची वायर थर्माकोलला टेकून गेली होती. दोन वर्षांत थर्माकोल वायरीच्या आकाराने आत विरघळून खाच पडली होती, वायर त्यात चिकटून बसली होती आणि ओढली तर काडीसारखी ताठ लागली. वायरीवरचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल विरघळतं आणि वायर ठिसूळ होते. दोघांचंही नुकसान. शिवाय थर्माकोल ८० अंशांच्या पुढे टिकत नाही आणि पेट घेतं, त्याला उघडं ठेवता येत नाही, वरून जिप्सम बोर्डासारखं काहीतरी झाकण लागतं. तो खर्च वेगळा.

रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या धाग्यांची लोकर, मला मनातून आवडलं होतं. ताठ असतं, उभ्या भिंतीत खाली घसरत नाही, हजार अंशांपर्यंत वितळत नाही. पण महाग. शेवटी ग्लासवूल. तेही एका ध्वनिरोधनाच्या कामातून उरलेल्या, सीलबंद पिशवीतल्या गुंडाळ्या मिळाल्या म्हणून. घेताना दोन गोष्टी बघितल्या. एक, पिशवी फाटून आत ओल गेलेली नाही ना, कारण भिजून दबलेलं ग्लासवूल पुन्हा फुगत नाही. दुसरी, घनता. अगदी हलकं घेतलं तर उभ्या भिंतीत सहा महिन्यांत मान टाकतं आणि वर वीतभर जागा मोकळी होते. आमचं घनमीटरला ३२ किलो भरणारं होतं, चाललं.

साफसफाईत एक अख्खा रविवार गेला. बोळात उंदरांच्या लेंड्यांचा थर होता. झाडू मारून धूळ उडवायची नाही, हे मला माहीत होतं. त्या धुळीतून आजार होतात. जंतुनाशक घातलेल्या पाण्याचा फवारा मारून ओलं केलं, थोडा वेळ थांबलो आणि ओल्या फडक्याने गोळा केलं. मास्क, हातमोजे, चष्मा. एका टोकाला जुन्या सिमेंटच्या नालीदार पत्र्याचा तुकडा टेकवलेला सापडला. तसल्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तो कापला नाही, फोडला नाही, ओढलाही नाही. आहे तिथेच आहे. उंदरांची भोकं जाळीने आणि स्टीलवूलने बुजवली, नाहीतर आम्ही त्यांच्यासाठी गादीच घालत होतो.

वायरिंग मात्र स्वतः केलं नाही. भिंतीच्या मागून लाकडी पट्टीवरून गेलेली, वर रबराचं वेष्टण असलेली जुनी वायर होती. हात लावला की रबराचे पापुद्रे सुटत होते. उघड्यावर असताना अशी वायर वर्षानुवर्षं चालते, कारण तिची ऊब हवेत निघून जाते. तिच्यावर ग्लासवूलचं पांघरूण घातलं की ती ऊब आतच कोंडते. वायरमनला बोलावून ती काढून टाकली आणि नवी वायर ताठ पाइपातून, खोलीच्या बाजूने नेली. ठरवलेल्या पैशांतला चांगला लचका त्यात गेला. त्याचं वाईट वाटलं नाही, पण ऊन झेलणाऱ्या बाजूची दुहेरी जाडी तिथेच कायमची गेली.

मग एकदाचं अस्तर. खांबांमधलं अंतर सारखं असेल अशी आशा होती. नव्हतं. ५५ सेंटिमीटरपासून ६३ पर्यंत प्रत्येक खण वेगळा. म्हणून प्रत्येक खण मोजायचा, आकडा खडूने खांबावर लिहायचा आणि तुकडा त्याहून एक-दीड सेंटिमीटर रुंद कापायचा, म्हणजे तो स्वतःच्या दाबाने धरून बसतो. कापताना काकांनी युक्ती दाखवली. ग्लासवूलवर सरळ फळी ठेवून तिच्यावर गुडघा दाबायचा, थर पातळ झाला की फळीच्या कडेने दातेरी सुरी एका दमात ओढायची. आम्ही त्याआधी कात्रीने कापत होतो आणि कडा उंदराने कुरतडल्यासारख्या येत होत्या. तुकडा बसवताना मात्र दाबायचा नाही. ५० मिलिमीटरचा थर कोंबून ३० मिलिमीटरचा केला तर त्यातली हवा जाते आणि रोध घटतो. अडवते ती हवाच, काचेचे धागे तिला नुसतं जागेवर धरून ठेवतात. म्हणून कोपरे बोटांनी हलके फुगवायचे, कुठे घडी पडू द्यायची नाही. मागून नायलॉनची दोरी खिळ्यांना नागमोडी अडकवत नेली, म्हणजे थर फळ्यांना टेकून राहिला.

खाजेबद्दल लोक फार घाबरवतात. खाज येते, खरं आहे. काचेचे बारीक धागे त्वचेला टोचतात म्हणून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली इन्शुलेशनच्या ग्लासवूलला ‘कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही’ अशा गटात टाकलं, एवढं वाचून मी निर्धास्त झाले. तरी मास्क काढला नाही. पूर्ण बाह्या, मनगटाला चिकटपट्टी, आणि काम संपल्यावर आधी गार पाण्याने अंघोळ. भावाने पहिल्या दिवशी गरम पाणी घेतलं आणि रात्रभर मान खाजवत बसला. कपडे वेगळे धुवायचे, हे त्याला मी सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही, आणि दोन दिवस घरातल्या सगळ्यांनाच थोडी थोडी खाज.

काम झालं. दोन्ही भिंती पिवळ्याजर्द अस्तराने भरलेल्या, बघायला सुरेख. थंडी तोंडावर होती. आम्ही वाट बघितली.

आणि काही झालं नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. फळीला हात लावला तर पूर्वीइतकी गार लागत नव्हती. पण पहाटेचा पायांना लागणारा वारा तसाच. तापमापकात एका अंशाचाही फरक नाही. कोपऱ्यातलं कोळिष्टक माझ्याकडे बघून हलत होतं. पाच आठवडे मी स्वतःची समजूत घातली की हळूहळू कळेल. सहाव्या आठवड्यात काकांना बोलावलं. ते खुर्चीवर बसले, भिंतीकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं.

‘भिंत छान भरलीस. पण ही भिंत उभी कशावर आहे ते बघितलंस का?’

‘जमिनीवर, काका.’

‘आणि जमीन कशावर आहे?’

उदबत्ती पेटवून जमिनीलगत धरली. धूर सरळ वर जायच्या ऐवजी आडवा होऊन खोलीच्या मधे पळत होता, जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्याने. मग भावाने खोलीच्या मधली एक फळी उचकटली, मी दिवा न घेता बोळात रांगत गेले, आणि त्याने फळीखालच्या पोकळीत टॉर्च लावला. अंधारात माझ्या नाकासमोर, भिंतीच्या पायाखाली, लखकन उजेडाचा चौकोन उघडला. ‘ताई, दिसतंय का काही?’ भाऊ वरून ओरडत होता. दिसत होतं. फार स्पष्ट दिसत होतं.

खोलीची जमीन तुळयांवर टाकलेली आहे. वर फळ्या, खाली खालच्या खोलीचं छत, मधे १२ सेंटिमीटर पोकळी. तुळया एका बोळातून दुसऱ्या बोळापर्यंत आरपार गेलेल्या. म्हणजे दोन तुळयांमधला प्रत्येक खण हा दोन्हीकडून उघडा बोगदा. कौलांच्या फटींतून बोळात आलेला वारा बुटक्या भिंतीला वळसा घालतही नव्हता, तो तिच्या पायाखालून सरळ खोलीच्या पोटात शिरत होता. खण आठ, प्रत्येक ५२ सेंटिमीटर रुंद. गुणाकार करून बघितला तर एका बाजूला अर्धा चौरस मीटर. दोन्ही बाजूंचं मिळून एक चौरस मीटर भोक. एवढी खिडकी थंडीत उघडी टाकून मी भिंतींना स्वेटर घालत बसले होते.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. सुरुवातीला मला दोन खणांची तोंडं दिसली होती आणि मी तिथे उरलेल्या ग्लासवूलचे बोळे कोंबून मोकळी झाले होते. ते ओढून काढले तर बोळाकडचं तोंड काळं पडलेलं, पाच-सहा आठवड्यांत. वारा त्यातून जात होता आणि धूळ गाळून मागे ठेवत होता. ग्लासवूल उष्णता अडवतं, वारा अडवत नाही. वाऱ्यासाठी ते गाळणं आहे. कुणाच्या घरात जुनं अस्तर उघडायची वेळ आली तर काळे डाग शोधा. डाग जिथे, वाट तिथे.

मग खरं काम सुरू झालं. हे आधी करायला हवं होतं, आणि याला माल जवळजवळ लागतच नाही, वेळ मात्र भरपूर जातो. काकांकडे खोक्यांतून निघालेले जुने प्लायवुडचे तुकडे होते. प्रत्येक खणाच्या तोंडाचा पुठ्ठ्यावर छाप घेतला, कारण जुन्या तुळया कुठेच काटकोनात नसतात. त्या छापावरून प्लायवुड कापलं, बुटक्या भिंतीच्या बरोबर खाली उभं ठोकलं आणि कडा बुजवल्या. बारीक फटींना सीलंट, बोटभर रुंद फटींना फवारणीचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम. फोम मारण्याआधी लाकडावर पाण्याचा हलका शिडकावा करायचा, तो ओलाव्यानेच घट्ट होतो. फटीत अर्धाच भरायचा, बाकीचं तो स्वतः फुगून भरतो. हे मला पहिल्या खणानंतर कळलं. पहिल्या खणात फोम फुगून माझ्या बाहीला, केसांना आणि तुळईला एकत्र बांधून गेला. ओला असताना ॲसिटोनने निघतो म्हणतात, वाळल्यावर खरवडावा लागतो. केस कापावे लागले. डबा चालू असताना आसपास ज्योत नको, त्यातला वायू पेट घेतो. बोळ बंदिस्त, म्हणून बोळाच्या तोंडाशी बाहेर वारा ओढणारा पंखा लावून ठेवला होता.

सोळा तोंडं. रोज संध्याकाळी दोन. आठ दिवस मी घरात रांगणारी बाई म्हणून प्रसिद्ध होते.

अस्तराची पाठही उघडी ठेवून चालणार नव्हती. वारा ग्लासवूलच्या अंगातून वाहत असेल तर त्यातली हवा स्थिर कुठे राहिली? भावाने प्लॅस्टिकची शीट ताणायची असं सुचवलं. खोलीकडून एक, बोळाकडून एक, ‘पॅकबंद’. मी नको म्हटलं. थंडीत खोलीतली दमट हवा भिंतीत शिरते आणि गार पृष्ठभागावर पाणी होते. उन्हाळ्यात एसी लावला तर उलट, बाहेरची वाफ आतल्या गार बाजूला येऊन थांबते. ज्यांच्याकडे कडक थंडी असते ते खोलीच्या बाजूने वाफरोधक लावतात, ते बरोबरच आहे. पण दोन्हीकडून प्लॅस्टिक लावलं की आत गेलेल्या पाण्याला परत जायची वाटच नाही, आणि भिंत लाकडाची. म्हणून प्लॅस्टिक कुठेच नाही. मागून पातळ प्लायवुड ठोकलं, सांध्यांवर चिकटपट्टी. वारा थांबतो, ओल हळूहळू निघून जाते.

दुपारचं ऊन झेलणाऱ्या बाजूला प्लायवुडवर बारीक छिद्रांची ॲल्युमिनियम फॉइल लावली, चकचकीत अंग बोळाकडे. तापलेली कौलं भिंतीकडे जी धग फेकतात त्यातली बहुतेक ती परतवते. अट एकच, तिच्यासमोर हवेची मोकळी जागा हवी. फॉइल दोन थरांच्या मधे चेपून बसवली तर ती नुसता धातूचा पातळ पत्रा असते, उष्णता आरपार जाते. धूळ बसली तरी गुण कमी होतो, पण भिंत उभी असल्यामुळे धूळ फारशी बसत नाही.

या फॉइलने मला दोन दिवस फसवलं. शेजारच्यांकडून तापमानाची बंदूक आणली होती, लांबून रोखायची आणि आकडा बघायचा. प्लायवुडवर रोखली तर ४४. फॉइलवर रोखली तर ३४! मी बोळातून ओरडूनच सांगितलं की दहा अंश उतरले. भावाने आत येऊन फॉइलवर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, दोन मिनिटं थांबला, आणि बंदूक त्या तुकड्यावर रोखली. ४३. फॉइल आरसा असते. बंदूक तिच्यावर रोखली की समोर जे उभं असेल त्याचं तापमान दिसतं. समोर मी होते. ३४ हा माझाच आकडा होता.

शेवटी राहिलं ते खुजं दार. एवढंसं दार, पण चारी बाजूंनी बोट जाईल एवढी फट. त्याच्या पाठीला ग्लासवूलचा तुकडा आणि प्लायवुड, चौकटीला रबराची पट्टी, आणि साध्या कडीच्या जागी दाबून बसणारी खिट्टी. नुसती पट्टी लावून भागत नाही, दार तिच्यावर दाबलं गेलं पाहिजे. काकांनी हे एकच काम स्वतःच्या हाताने केलं आणि त्यावरून बाकी सगळ्या कामाचं श्रेय घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच दोन तापमापकांनी मोजलं. बोळ ४८, पूर्वीपेक्षा किंचित जास्तच. रात्री दहाला खोलीत आधी ३६ असायचे, आता तसल्याच दिवशी ३३. तीन अंश. कुणाला सांगितलं तर ‘एवढंच?’ असा चेहरा करतात. पण पंख्याखाली बसून काम होणं आणि न होणं यातलं अंतर साधारण तेवढंच आहे. थंडीतला फरक त्याहून मोठा, कारण पायांना लागणारा वारा गेला, आणि त्यातलं बहुतेक काम ग्लासवूलचं नव्हतं, सोळा प्लायवुडच्या तुकड्यांचं होतं. आज पुन्हा करायचं झालं तर आधी तुळयांमधले खण, मग दार, मग वायर, आणि सगळ्यात शेवटी अस्तर. पैसे मधेच संपले तरी हरकत नाही अशा क्रमाने.

एक जागा राहिली आहे. उजव्या बोळाच्या शेवटी, जिथे छप्पर जमिनीला टेकायला येतं, तिथे भिंत आणि दगडी बाजू यांच्यात एक फट आहे. माझा हात कोपरापर्यंत जातो, पुढे जात नाही. भावाचा हात लांब आहे, पण त्याची सुटी संपली. फोमचा अर्धा डबा उरला होता, तो घेऊन गेले तर नळी आतून वाळून बंद. सध्या तिथे एक जुना टॉवेल कोंबला आहे. त्या कोपऱ्यातलं कोळिष्टक अजून हलतं.